शरणपूरचे रे. प्राइस

नाशिक शहरातील शरणपूर रस्त्याचे नाव आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानांवरून गेले असेल. ज्या वस्तीवरून त्या रस्त्यास हे नाव पडले, ती वसविणारे रे. विल्यम सॉल्टर प्राइस ह्यांचे चरित्र मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. बंदीतून सुटलेल्या मनुष्याचे पुढे काय करावे, हा प्रश्न ह्या गृहस्थापुढे जन्मभर उभा होता. आपल्या गावात कोणी शिक्षा भोगून परत आला, अथवा कोणी सावकाराच्या वेठीतून सुटला, म्हणजे तोच प्रश्न आपल्याही दाराशी येतो; म्हणून हे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्राइस साहेब चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८५० च्या सुमारास, ते नाशकास आले. त्या क्षेत्रात ख्रिस्ती होणाऱ्यास घर बंद, पाणवठा बंद आणि धंदाही बंद, अशी स्थिती होती. ती कशी असते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तेव्हा साहेबांनी शहराबाहेर पश्चिमेस जागा घेऊन १८५४ च्या सुमारास एक गाव वसविले. जुन्या करारात इस्राएल लोकांची आश्रयाची नगरे होती, त्यांची आठवण देणारे शरणपूर हे नाव त्यास मिळाले. गावात प्रार्थनेची जागा झाली, शाळा झाली आणि तिच्या जोडीस कारखानाही झाला. उपासना व हातोडा एकाच कुंपणाच्या आत असावीत, असे साहेबांचे मत होते.

इतक्यात समुद्रावरून निराळेच पाहुणे आले. हिंदुस्थानात गुलामगिरीस कायद्याचा आधार १८४३ साली तुटला होता. परंतु आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसे भरून अरबस्तान व इराणच्या आखाताकडे जाणारी गलबते काही थांबली नव्हती. इंग्रजी आरमाराची जहाजे ती गलबते धरीत व आतील माणसे मुंबईस उतरवीत. त्यांत लहान मुले पुष्कळ असत. आईबाप कोठे, गाव कोठे, हे त्यांना धड सांगता येत नसे आणि त्यांची भाषा मुंबईत कोणास कळत नसे. अशा मुलांस गृहस्थांच्या घरी चाकरीस ठेवून देण्याची पूर्वी रीत होती. म्हणजे बेडी तुटली, पण पुढे काय, ह्याचा विचार कोणी केला नाही. ह्यांपैकी काही मुले शरणपुरास पाठविण्यात येऊ लागली, आणि त्या वस्तीस आफ्रिकी मुलांचे आश्रयस्थान असेही नाव पडले.

प्राइस साहेबांनी ह्या मुलांस वाचावयास शिकविले, तसेच सुतारकाम व लोहारकाम इत्यादी धंद्यांसही लाविले. ह्यातील मर्म आम्हांस मोठे वाटते. भाकर देणारा पुष्कळदा नकळत नवा धनी होऊन बसतो; हाती कसब असलेल्या मनुष्यास असा धनी लागत नाही. शिवाय ज्याने लहानपणी केवळ मार खाऊन काम केले, त्यास काम म्हणजे शिक्षाच वाटते. आपल्या हातचा दरवाजा चौकटीत नीट बसला, ह्याचा आनंद त्यास कारखान्यातच कळावयाचा. पुढे ह्या तरुणांपैकी काही जण रेल्वेच्या कामावरही लागले.

सगळेच गोड होते असे मात्र नाही. मुलांची मूळ नावे जाऊन त्यांना इंग्रजी नावे मिळाली. चेंग्विंबे नावाचा मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. चोरांनी त्याचे घर नेले होते. उपकारकर्त्यांनी नावही नेले, असे आज म्हणावे लागते. आणि शिकून निघालेला प्रत्येक जण रत्नच निघाला असेही नव्हे. १८६५ साली डॉ. लिव्हिंग्स्टन ह्यांनी येथील नऊ तरुण आफ्रिकेच्या प्रवासास नेले. त्यांच्या आळसाबद्दल त्यांनी पुढे कडक तक्रार केली, व काहींनी वाटेत त्यांची साथ सोडली. उपदेशक बंधूंनी हे ध्यानात ठेवावे. आपण ज्यांवर श्रम केले त्यांपैकी काही निघून जातात.

परंतु १८७२ साली जी दुसरी तुकडी लिव्हिंग्स्टन ह्यांच्याकडे गेली, तीत हा मॅथ्यू होता व जेकब वेनराइटही होता. १८७३ च्या मे महिन्यात डॉक्टर चितांबो ह्या मुखियाच्या गावी वारले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली व झाडाच्या बुंध्यावर धन्याचे नाव कोरले. मग सर्वांनी मिळून तो देह शेकडो कोस वाहून समुद्रकिनाऱ्यास आणिला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत तो पुरला, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मंडळींत शरणपूरचा जेकब होता.

त्याच सुमारास मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या खटपटीने झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा समुद्रावरील व्यापार बंद केला. आता सुटलेली माणसे आफ्रिकेतच ठेवावयाची, तर शरणपूरसारखे गाव तेथे हवे. हे काम प्राइस साहेबांकडे आले. १८७४ च्या नोव्हेंबरात ते मोंबासास उतरले. खाडीपलीकडे जागा घेतली. आणि फ्रिअरटाउन उभे राहिले. त्यांच्या कामाचा कणा म्हणजे नाशकाहून गेलेली आफ्रिकी मंडळी, संख्येने दीडशेच्या आसपास. काल जे शरण आले होते, ते आज शरण देणारे झाले. नव्याने सुटून आलेल्यांस घर बांधावयास व शेत धरावयास ह्यांनीच शिकविले.

साहेब परत गेल्यावर तेथे एक वाईट गोष्ट घडली. कारभार दुसऱ्यांच्या हाती होता, आणि गावात शिस्त राखावयाची म्हणून फटके व कोठडी ह्यांचा उपयोग होऊ लागला. बंदीतून सुटलेल्यांच्या गावातच बंदिखाना! बोभाटा झाला, चौकशी झाली, आणि १८८१ च्या अखेरीस घडी बसविण्यासाठी प्राइस साहेबांस पुन्हा धाडण्यात आले. सुटलेल्यांसाठी वस्ती चालविणाऱ्यांस हा मोह नेहमीच असतो असे आम्हांस वाटते. ज्याला जाण्यास दुसरी जागा नाही, त्याच्यावर हुकूम चालविणे फार सोपे असते.

खरी कसोटी तिसऱ्या खेपेस, १८८८ साली लागली. मोंबासाजवळ रबाई येथे शरणपुरात वाढलेले रे. विल्यम जोन्स मंडळीचे काम पाहत. धन्यांकडून पळालेले गुलाम त्या भागातील मिशनच्या ठाण्यांच्या आसऱ्यास शेकड्यांनी येऊन राहिले होते. पळालेल्यांस थारा द्यावयाचा नाही, असा मिशनचा नियम होता. धनी शस्त्रे घेऊन येण्याच्या धमक्या देत होते. जे स्वतः कधी गुलामांच्या गलबतातून सुटले, त्या जोन्स ह्यांनी ह्या लोकांस कोणत्या तोंडाने हाकलावे? आणि नियम मोडला तर सारी वस्तीच बुडण्याचे भय. प्राइस साहेब ह्या पेचात अगदी सापडले. तेवढ्यात ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी पुढे झाले व पळालेल्यांबद्दल धन्यांस मोबदला देण्याचे ठरले. १ जानेवारी १८८९ रोजी रबाई येथे मुक्ततेचे दाखले वाटण्यात आले. सुटलेल्यांची संख्या सुमारे १,४०० होती. धन्यांस पैसे द्यावे हे न्यायाचे होते काय, असे कोणी विचारील. न्यायाचे नव्हते, पैसा त्या गुलामांसच मिळावयास हवा होता. तरी ज्याच्या हाती दाखला पडला, त्याने त्या दिवशी हा हिशेब मांडला असेल असे आम्हांस वाटत नाही. पौलाने फिलेमोनास अनेसिमाचे देणे आपल्या नावे मांडण्यास लिहिले, त्याची येथे आठवण होते.

ह्या खेपेची हकीकत साहेबांनी पुस्तकरूपाने लिहिली. ते १९११ साली वारले. जेकब वेनराइट त्यांच्या आधीच, १८९२ साली, आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला होता. मॅथ्यू वेलिंग्टन, म्हणजे चेंग्विंबे, मोंबासास १९३५ पर्यंत जगला. फ्रिअरटाउनात एक घंटा टांगलेली होती. गुलाम धरणारे आले तर ती वाजवून लोकांस सावध करीत. तिची कमान अद्याप उभी आहे, आणि त्या जागेस तेथील लोक केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशी, असे म्हणतात.