पालवणकर बाळू

पालवणकर बाळू (जन्म : धारवाड, १८७५-७६ च्या सुमारास, मृत्यू : मुंबई, ४ जुलै १९५५) हे भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळातील डावखुरे संथ गोलंदाज होते. चर्मकार समाजातून, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतून, वरच्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये नाव मिळवणारे ते पहिले खेळाडू मानले जातात. भारताच्या पहिल्या कसोटीच्या (१९३२) कितीतरी आधी त्यांची उमेद सरली होती. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही.

प्रारंभिक जीवन

त्यांचे घराणे मूळ कोकणातील पालवण गावचे. आडनाव त्यावरूनच पडले. वडील लष्कराच्या सेवेत असल्याने बाळूंचे बालपण पुण्यात गेले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे धाकटे भाऊ. तिघेही पुढे हिंदू संघाकडून खेळले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि शिवराम खेळ शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी क्रिकेट क्लबमध्ये, मैदान झाडण्याची आणि खेळपट्टीवर रोलर फिरवण्याची होती. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपीय सदस्यांच्या पूना क्लबमध्ये ४ रुपयांवर रुजू झाले. खेळपट्टी तयार करणे, रेषा आखणे, सरावाच्या जाळ्या उभारणे ही त्यांची कामे. अधूनमधून सदस्यांना सरावासाठी चेंडू टाकायला बोलावले जाई आणि त्यातूनच गोलंदाज घडला. इंग्रज फलंदाज जे. जी. ग्रेग त्यांच्याकडून तासन्‌तास सराव करून घेत. आपल्याला बाद केल्याबद्दल ते दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. फलंदाजीची संधी मात्र बाळूंना तेथे कधीच मिळाली नाही. चेंडू टाकणे हे नोकराचे आणि बॅट धरणे हे साहेबाचे काम, असा तो हिशेब होता.

पुण्याचा हिंदू संघ

युरोपीयांना हरवायचे तर या गोलंदाजाला पर्याय नाही, हे पुण्यातील हिंदू क्लबच्या ध्यानात आले. त्यांना संघात घेण्यावरून सदस्यांत वाद झाला. सनातनी मंडळींचा विरोध होता, पण अखेर बाळूंची निवड झाली. मैदानावर सवर्ण खेळाडू त्याच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा मिळे, जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. सातारा येथील सामन्यात त्यांच्या गोलंदाजीची धार बोथट करण्यासाठी यजमान युरोपीयांनी खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवला. तरीही त्यांनी ७ बळी घेतले.

मुंबई

१८९६ नंतर पुण्यात प्लेगची साथ पसरली आणि बाळू मुंबईस आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशाला काही सदस्यांनी हरकत घेतली, पण ती टिकली नाही. बीबीसीआय रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपीय संघांची लढत झाली. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपीयांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. बाळूंनी ८ बळी घेतले. राज्यकर्त्यांवर १०९ धावांनी मिळवलेला हा विजय स्वदेशीच्या चळवळीने तापलेल्या काळात केवळ खेळाचा राहिला नाही. संघात शिवरामही होते, त्यामुळे अस्पृश्यतेच्या प्रश्नावर वृत्तपत्रांतून चर्चा झाली.

इंग्लंड दौरा, १९११

पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांच्या नेतृत्वाखाली १९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. दौरा एकंदरीत फसला. महाराजांनी मोजकेच सामने खेळले. उत्तम फलंदाज केकी मिस्त्री महाराजांच्या तैनातीत असल्याने तेही बहुधा बाहेरच राहिले. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी १० गमावले गेले आणि फक्त २ जिंकले. अशा संघाकडून बाळूंनी प्रथम श्रेणीत ७५ आणि सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत ८ बळी ही त्यांची कारकिर्दीतील सर्वोत्तम कामगिरी होय. लीस्टरशायरवरील विजयात त्यांनी ११ बळी घेतले. तेव्हा ते पस्तिशीत होते आणि दुखऱ्या खांद्याने दिवसभर गोलंदाजी करत होते.

परतल्यावर मुंबईत दलित वर्गातर्फे त्यांचा सत्कार झाला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनी लिहिल्याचे सांगितले जाते.

कर्णधारपदाचा वाद

संघातील सर्वांत अनुभवी खेळाडू असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. १९१३ मध्ये ते एम. डी. पै यांच्याकडे गेले. या मानावर बाळूंचाच हक्क होता, असे खुद्द पै यांनी जाहीरपणे म्हटले. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत पै आजारी पडले. तेव्हा विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधर यांना कर्णधार करण्यात आले आणि बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. शिवराम व विठ्ठल यांनी जातीमुळे झालेल्या अन्यायाचा निषेध करत संघ सोडला. लोकमताच्या दबावाखाली पारशांविरुद्धच्या सामन्यासाठी तिघांनाही परत बोलावण्यात आले आणि बाळू उपकर्णधार झाले. पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेवढ्यापुरते नेतृत्व बाळूंकडे आले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने ती स्पर्धा जिंकली.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंनी सरासरी १५.२१ धावांमागे एक याप्रमाणे १७९ बळी घेतले.

राजकारण

निवृत्तीनंतर बाळू गांधीजींच्या विचारांकडे ओढले गेले. स्वतंत्र मतदारसंघांच्या मागणीला त्यांचा विरोध होता आणि १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही स्वाक्षरी आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. कधीकाळी आंबेडकरांच्या तरुणपणी अभिमानाचा विषय असलेला खेळाडू असा त्यांचाच प्रतिस्पर्धी झाला. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली.

१९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. सांताक्रूझ येथील अंत्यसंस्कारास क्रिकेटपटूंबरोबर राजकीय कार्यकर्तेही उपस्थित होते.