जॉन हॅरिसन

जॉन हॅरिसनचा जन्म १६९३ साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात फोल्बी या खेड्यात झाला. वडील सुतार होते. जॉनही तेच काम शिकला. लाकडाची चाके करून त्याने पहिले घड्याळ बनवले, तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

त्या काळी भर समुद्रात जहाजाचा रेखांश कळत नसे. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. त्यामुळे बंदराची वेळ अचूक दाखवणारे घड्याळ जहाजावर असेल, तर तेथील स्थानिक वेळेशी तुलना करून रेखांश काढता येतो. पण असे घड्याळच नव्हते. १७०७ साली इंग्रज आरमाराची चार जहाजे सिली बेटांजवळ बुडाली आणि हजाराहून अधिक माणसे मेली. पुढे १७१४ मध्ये संसदेने या कामासाठी २०,००० पौंडांचे बक्षीस ठेवले.

घड्याळाचे खरे वैरी दोन, हेलकावे आणि उष्णता. उन्हाळ्यात लंबकाची दांडी लांबते व घड्याळ मागे पडते. रेल्वेच्या रुळांत फट का ठेवतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पितळ पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते. हॅरिसनने दोन्ही धातूंच्या दांड्या अशा जोडल्या, की एकीचे लांबणे दुसरीने भरून काढावे. पण जहाजावर लंबक चालत नाही. तेथे त्याने स्प्रिंगचे घड्याळ केले आणि पितळ व पोलादाची जोडपट्टी वापरली. ही पट्टी उष्णतेने वाकते व स्प्रिंगची चाल सांभाळते. इस्त्री आपोआप बंद होते, तीही अशाच पट्टीमुळे!

तिसऱ्या घड्याळावर त्याने १९ वर्षे घालवली. एवढा धीर क्वचितच कोणाजवळ असतो. चौथे घड्याळ सुमारे १३ सेंटिमीटर रुंदीचे होते. १७६१ मध्ये त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांत, ठरलेला फरक वगळता, ते अवघे ५ सेकंद चुकले.

तरीही मंडळाने दुसरी परीक्षा मागितली आणि १७६५ मध्ये अर्धीच रक्कम दिली. हा अन्यायच म्हटला पाहिजे. शेवटी राजा तिसरा जॉर्ज याने स्वतः पाचव्या घड्याळाची चाचणी घेतली. १७७३ साली संसदेने आणखी ८,७५० पौंड दिले, तेव्हा हॅरिसन ऐंशी वर्षांचा होता. १७७६ मध्ये लंडन येथे त्याचे निधन झाले.

१९५५ साली इंग्लंडमध्येच लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी सीझियम अणूंचे घड्याळ चालू केले. त्यात लंबक नाही, स्प्रिंगही नाही. तरी उष्णता आणि चुंबकत्व यांचा परिणाम होतोच. म्हणून बाजारात मिळणाऱ्या सीझियम घड्याळातही अणूंच्या नळीभोवती चुंबकत्व अडवणारे कवच घालतात आणि तापमान बदलले तरी चाल ढळू नये याची काळजी घेतात.

हॅरिसनची पहिली चार घड्याळे ग्रिनिच येथे आहेत. पहिली तीन अजून चालवतात. चौथ्याला तेल लागते आणि चालवल्यास ते झिजेल, म्हणून ते बंद ठेवले आहे.