रामशास्त्री प्रभुणे आणि आज्ञाभंगाची मर्यादा

राजसत्ता नसेल तेथे बळी तो कान पिळी, हे पेढीवर बसणाऱ्यास समजावून सांगावयास नको. हुंडी पटते, माप खरे राहते आणि रात्री दुकानाचे कुलूप शाबूत राहते, ते कोणीतरी दंड धारण केलेला आहे म्हणूनच. परंतु दंड धारण करणाराच अपराधी निघाला तर प्रजाजनाने काय करावे? या प्रश्नाचा निकाल करण्यापूर्वी वाचकांनी पुण्याचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे चरित्र पुन्हा एकवार आठवावे, अशी आमची विनंती आहे.

शास्त्रीबोवा साताऱ्यानजीकच्या माहुलीचे. बाळपणी विद्येचा गंध नव्हता. सावकाराच्या घरी चाकरी करून दिवस काढीत. पुढे काशीस जाऊन त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले व 1759 साली ते पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश झाले. थोरले माधवराव जपतपात फार वेळ घालवू लागले तेव्हा, ब्राह्मणाचे कर्म करावयाचे तर गादी सोडावी आणि गादीवर राहावयाचे तर प्रजेचे काम पाहावे, असे त्यांनी धन्यास तोंडावर सांगितले, अशी प्रसिद्धी आहे. राज्य करणे ही चैन नसून कर्तव्य होय, हा त्याचा अर्थ. राज्यसंस्थेवर ज्याची इतकी निष्ठा, तो बंडखोर खास नव्हे.

अशा पुरुषावर 30 ऑगस्ट 1773 नंतर कसोटीची वेळ आली. त्या दिवशी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला आणि चुलते राघोबादादा गादीचे धनी झाले. पत्रातील एका अक्षराच्या फेरफाराची कथा घरोघर ठाऊक आहे. पण लोकवार्ता म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून तीत आम्ही शिरत नाही. शास्त्रीबोवांनी चौकशी केली, दोष राघोबादादांकडे येतो असे ठरविले, आणि त्यांस देहान्त प्रायश्चित्त सांगितले. नंतर पद सोडून ते पुण्याबाहेर पडले व वाईकडील एका खेड्यात जाऊन राहिले.

आज न्यायाधीशास राज्यघटनेचे संरक्षण आहे. शास्त्रीबोवांस कशाचेच नव्हते. आरोपीच त्यांचा धनी, आणि वर दाद मागावयास दुसरे न्यायासन नाही. तरी त्यांनी शस्त्र उपसले नाही. अन्यायाच्या गादीस आपल्या विद्येचा व नावाचा आधार मात्र दिला नाही, आणि त्याची किंमत स्वतः सोसली.

चरित्राचा उत्तरार्ध आम्हांस तितकाच महत्त्वाचा वाटतो. बारभाईंनी राघोबादादांचा अंमल झुगारून सवाई माधवरावांच्या नावे कारभार सुरू केल्यावर शास्त्रीबोवा पुन्हा न्यायासनावर आले, आणि 1789 साली मृत्यू येईपर्यंत राज्याच्या सेवेत राहिले. त्यांचा विरोध राज्यास नव्हता, राज्य बळकावणाऱ्या अपराध्यास होता.

पेशवाईतील न्याय जातीपरत्वे वेगळा असे, हा कलंक आम्ही झाकू इच्छीत नाही. त्या व्यवस्थेचे पोवाडे गाण्याचा आमचा हेतूही नाही. पण न्यायाचा वचक गेला म्हणजे काय होते तेही पुण्याने लवकरच पाहिले. 1791 साली घाशीराम कोतवालाने कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले, आणि खवळलेल्या जमावाने कोतवालास दगडांनी ठेचून मारले. जमावाचा संताप साधार होता. पण दगडास साक्षीपुरावा कळत नाही.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. कर चुकविण्यासाठी किंवा आपला तोटा टाळण्यासाठी मोडलेला कायदा ही केवळ लबाडी होय. सत्ता अन्यायात आपणांस भागीदार करू पाहील तेव्हा तिची आज्ञा नाकारणे हे कर्तव्यच आहे. मात्र ते उघडपणे करावे, परिणाम स्वतः भोगावा, आणि न्याय पुन्हा स्थापित होताच राज्याच्या कामास परत यावे. शास्त्रीबोवांनी पद सोडले तेव्हा त्यांनी न्याय सोडला नाही. पुण्यातून निघताना तो ते आपल्याबरोबर घेऊन गेले, आणि रिकामे राहिले ते न्यायासन.