साथीचे गणित मांडणारे डॉ. मॅकेंड्रिक

अँडरसन मॅकेंड्रिक यांचा जन्म १८७६ साली एडिंबरो येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत शिरले. हिवताप डासांमुळे पसरतो हे दाखवून देणारे रोनाल्ड रॉस यांच्या सहवासात त्यांना गणिताची गोडी लागली. कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम करून १९२० साली ते स्वदेशी परतले. तेथे प्रयोगशाळेतील अपघाताने अंध झालेले तरुण रसायनशास्त्रज्ञ कर्मॅक त्यांचे सहकारी झाले. केवढी ही जोडी! १९२७ साली दोघांनी दाखवून दिले की, रोग होऊ शकेल अशी माणसे उरली असतानाच साथ ओसरू लागते. पडताळ्यासाठी त्यांनी मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगचे मृत्यू घेतले. आकडे वक्ररेषेशी बरेचसे जुळले. मात्र माणसामाणसांतील संपर्क त्यांनी कायम धरला होता. भय त्यात नव्हते.

१९४३ साली मॅकेंड्रिक निवर्तले. पुढे सप्टेंबर १९९४ मध्ये आपल्या सुरतेत प्लेगची वार्ता पसरताच थोड्याच दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. हल्लीचे गणिती मॅकेंड्रिक यांच्याच समीकरणात वृत्तपत्रांतील बातम्यांसाठी वेगळे पद घालतात : बातम्या वाढल्या की संपर्क घटतो. परंतु पळणारी माणसे आगगाडीत दाटीने बसली, तर तोच संपर्क वाढतो. तेव्हा त्या पदाचे चिन्ह उणे धरावे की अधिक?