४ मिनिटांत एक किलोमीटर, तेही सलग ४२ वेळा : बेळगावचे फडेप्पा चौगुले

शनिवारी रात्री जळगाव-धुळ्याहून गाडी पकडायची, रविवारी पहाटे परगावी २१ किलोमीटर पळायचं आणि रात्रीपर्यंत मेडल घेऊन घरी. खान्देशातल्या कित्येक रनर्सचा वीकेंड आता असाच जातो. भारताकडून ऑलिम्पिकची मॅरेथॉन पहिल्यांदा पळणाऱ्या माणसाला मात्र त्यासाठी बोटीने युरोप गाठावा लागला होता.

नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले, गाव बेळगाव. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या, तेव्हा अध्यक्ष होते दोराबजी टाटा. स्पर्धक म्हणजे शेतकऱ्यांची पोरं. अनवाणी पळायची, नियम कुणाला ठाऊक नाहीत, पण वेळ युरोपातल्या धावपटूंच्या आसपास! टाटांनी यांना ऑलिम्पिकला न्यायचं ठरवलं आणि स्वतःचे पैसे घातले. निवडलेल्यांत चौगुले होते.

आधी इंग्लंडात सराव, मग बेल्जियममधलं अँटवर्प. २२ ऑगस्ट १९२०. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब होती, ४२.७५ किलोमीटर. सोबत उतरलेल्या सदाशिव दातारांना ती पूर्ण करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोहोचले, १९वे. फिनलंडचा विजेता कोलेहमाइनेन त्यांच्या १८ मिनिटं पुढे होता.

१९वा नंबर ऐकून नाक मुरडण्याआधी हे तुमच्या स्मार्टवॉचच्या भाषेत बघा. किलोमीटरला सरासरी ४ मिनिटं. या पेसने हाफ मॅरेथॉन साधारण १ तास २४ मिनिटांत संपते. चौगुलेंनी तशा दोन लागोपाठ मारल्या, वर अर्धा किलोमीटर.