वकिलीतून विधिमंडळात : वसंतराव नाईक

महाराष्ट्रात १ जुलै हा दिवस कृषिदिन म्हणून साजरा होतो. हा वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस. हरितक्रांतीचे प्रणेते म्हणून त्यांचा होणारा गौरव यथार्थच आहे. परंतु त्यांच्यातील वकिलाने राज्याला काय दिले, याचे स्मरण क्वचितच केले जाते.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली या बंजारा तांड्यावर १९१३ मध्ये त्यांचा जन्म झाला. नागपुरात कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली वकिलीचे धडे गिरवले आणि पुढे पुसदला स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. गोरगरिबांचे वकील अशी त्यांची ख्याती झाली. १९४१ मध्ये वत्सला घाटे यांच्याशी त्यांनी केलेला आंतरजातीय विवाह त्या काळात धाडसाचाच होता. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले.

१९५२ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून येऊन ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात आला आणि सहकार, कृषी ही खाती त्यांच्याकडे आली. १९६० मध्ये महाराष्ट्र स्थापन झाल्यावर महसूलमंत्री असताना लोकशाही विकेंद्रीकरण समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. जिल्हा परिषदेला सर्वाधिक अधिकार असावेत आणि जिल्हाधिकाऱ्याला तिच्या कारभारापासून दूर ठेवावे, ही या समितीची भूमिका. तिच्या शिफारशींवर आधारलेल्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण नेतृत्वाची नवी पिढी घडू लागली. कमाल जमीनधारणा कायदाही त्यांच्याच महसूलमंत्रिपदाच्या काळातला.

मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याची प्रतिज्ञा त्यांनी १९६५ मध्ये केली. ती मुदतीत पूर्ण झाली नाही. मात्र संकरित ज्वारी शिवारात पोहोचली, चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. १९७२ च्या भीषण दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना त्यांच्या सरकारने राज्यभर राबवली. हाताला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. त्याला कायद्याचे रूप १९७७ मध्ये, ते पायउतार झाल्यावर मिळाले. केंद्राने २००५ मध्ये असाच कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव पुढे होता.

१९७५ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. १९७७ मध्ये ते वाशीममधून लोकसभेवर गेले आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

पुढे त्यांचाच यवतमाळ जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर चर्चेत आला. कोरडवाहू कापूस उत्पादकाचा प्रश्न केवळ सुधारित बियाण्याने सुटला नाही, हे मान्यच करावे लागते. तथापि, त्या शेतकऱ्याला गाऱ्हाणे मांडण्यासाठी आपल्याच मतांवर निवडून आलेली जिल्हा परिषद मिळाली, ती नाईकांमुळे. कृषिदिनी एवढेही स्मरण ठेवायला हवे.