शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई

परतवाड्याहून धारणीकडे जाताना सिपना नदीकाठी सेमाडोह लागते. चिखलदरा तालुक्यातील हे कोरकूंचे गाव. येथले पोर शाळेत जाण्यापूर्वीच बांबूची कामटी वाकवते, मातीचे बैल करते, दगड रचून ओढ्याचे पाणी अडवते. शाळेत मात्र त्याला हाताची घडी घालून बसवले जाते आणि त्याच्या घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेतले पुस्तक पुढे ठेवले जाते. पोर गळाले की दोष आईबापाचा! अशाच मुलांसाठी आयुष्य घालवणाऱ्या ताराबाई मोडक एकेकाळी आपल्या अमरावतीत नांदत होत्या, हे किती जणांना ठाऊक आहे?

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा, मुंबईतला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. त्यांनी विधवेशी विवाह केला होता. 1914 मध्ये ताराबाई पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण संसार टिकला नाही. 1921 मध्ये त्या वेगळ्या झाल्या. पदरी लहान मुलगी होती. त्या काळात हे केवढे धाडस! पुढे त्या राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. ती मानाची नोकरीही सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या कामात दाखल झाल्या. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून बालशिक्षणात आलेले. 1926 मध्ये तेथे नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

माँटेसरीची पद्धत त्यांनी स्वीकारली, पण तिची साधने महाग होती. शहरातील सुखवस्तू मुलांपुरते हे शिक्षण राहणार, हे ताराबाईंनी ओळखले. 1945 मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. तेथे शिंपले, बिया, काड्या, पाने, माती हीच साधने झाली. मुले मांडत, जुळवत, मोडत आणि पुन्हा रचत. त्यातूनच मोजणे, आकार आणि भाषा शिकत. गरीब वस्तीतली मुले मध्यवर्ती बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी.

1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांत गेले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकत्र जोडणारी विकासवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी रानातच कुरणशाळा भरली. 1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

ताराबाई आपल्या चळवळीतल्या नव्हत्या. हातकामाचे शिक्षण म्हटले की आपल्याला शंका येते, आणि ती रास्तच आहे. 1937 च्या वर्धा योजनेत मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा अशी अपेक्षा होती. ज्यांच्या पिढ्या जातीने नेमून दिलेल्या कामात पिचल्या, त्यांनी पोराला पुन्हा त्याच कामाला का जुंपावे? परंतु कोसबाडचे पोर विकण्यासाठी माल बनवत नव्हते, विचार करण्यासाठी वस्तू रचत होते. हा फरक मोठा आहे. राबणारे हात खालचे आणि पोथी वाचणारे डोके वरचे, हीच तर मनूची शिकवण. कोरकू पोराचा हात शाळेत सन्मानाने चालला आणि त्याच हाती पुस्तकही आले, तर या शिकवणीच्या मुळावरच घाव बसतो. मात्र खेळ देऊन पुस्तक काढून घेतले, तर ती नवी फसवणूक ठरेल.

आज कायदा आपल्या बाजूने आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 29 कृती आणि शोधातून शिक्षण द्यायला सांगते. शक्य तेथवर मातृभाषेतून द्यायलाही सांगते. कलम आहे, पण ते सेमाडोहच्या वर्गात पोहोचले का, हे कोण विचारणार? बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या कार्यकर्त्यांनीच विचारले पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जा. मुलांच्या हाती काय दिले जाते ते पाहा, कोरकू जाणणारा शिक्षक आहे का ते विचारा आणि उत्तर लेखी मागा. ताराबाईंनी शाळा अंगणापर्यंत नेली. तिच्या आत काय चालते, यावर पहारा देणे आपले काम आहे.